पुढारी नुसती भाषणं करतात?

वर एकांनी लिहिलंय की पॅसिफिक देशांत किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर पुढारी फक्त परिषदांत बोलतात, बाकी शून्य. मला नाही पटत हे. पापुआ न्यू गिनीच्या कॅरोल किडू बघा ना, २००२ ते २०१२ अशी दहा वर्षं १०९ जागांच्या संसदेत त्या एकट्या बाई, आणि त्याआधीच त्यांनी खासगी विधेयक (सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) आणून मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा कडक करून घेतला होता, नवऱ्याने केलेला बलात्कारही त्यात गुन्हा ठरला. फिजीनेही २००९ मध्ये मुलींचं लग्नाचं वय १६ वरून १८ केलं.

पण नुसत्या कायद्याने पोरगी दवाखान्याची पायरी चढत नाही हेही तितकंच खरं. म्हणून मला मार्शल बेटांवरच्या डार्लीन केजू जास्त मोठ्या वाटतात. १९८० च्या दशकात त्यांनी 'यूथ टू यूथ इन हेल्थ' उभं केलं, म्हणजे कुटुंबनियोजन, कमी वयातलं गरोदरपण असल्या विषयांवर डॉक्टरने लेक्चर न देता तिथल्याच पोरापोरींनी युकुलेली (गिटारसारखं छोटं वाद्य) घेऊन गाणी म्हणायची, छोटी नाटकं करायची, आणि तेही लांबच्या बेटांवर जाऊन! मोठ्यांसमोर हे बोलायचं नाही असा जिथे रिवाज, तिथे गाण्यातून ते चारचौघांत बोलता यायला लागलं. १९९६ मध्ये कॅन्सरने त्या गेल्या, जेमतेम पंचेचाळिशीत.

व्हानुआतूत वान स्मोलबॅगनेही तेच केलं, नाटक मंडळी ती, पण राजधानी पोर्ट व्हिलात तरुणांसाठी स्वतःचं क्लिनिक चालवते. सरकारांनी पैसा अशा ठिकाणी द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.