कवड्यांवर पांढरी पावडर, मदत हवी आहे (तातडीने)

घोडबंदरची_सून: माळेतल्या कवड्यांवर पांढरी भुकटी धरतेय. पुसली की जाते, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हजर. रविवारी सासूबाई गावाहून येतायत. काय लावू?

खाडीकाठचा: कवड्या कुठे ठेवल्यात? लहान पिवळ्या की ठिपक्यांच्या मोठ्या?

वर्तकनगरकर: बुरशी हो, दुसरं काय! व्हिनेगरमध्ये अर्धा तास टाका. आमची तांब्याची कळशी लख्ख निघते.

खाडीकाठचा: व्हिनेगर अजिबात नको! कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच, सगळा चुनाच. फेस येऊन वरचा थर जाईल.

वर्तकनगरकर: आमच्याकडे वर्षानुवर्षं चिंच-लिंबाने देव घासतात, काही बिघडलं नाही.

खाडीकाठचा: पितळेचे देव आहेत ते, काका.

अण्णा_नौपाडा: पिवळी कवडी हे एकेकाळी चलन होतं बरं का. मालदीवहून जहाजं भरून बंगालात यायची. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा एक 'पण'. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५८ मध्ये नावच 'मोनेटा', म्हणजे लॅटिनमध्ये नाणं, असं ठेवलं. आणि आपण म्हणतो कवडीमोल!

घोडबंदरची_सून: अण्णा, रविवार!!

ऐरोलीची_मीना: जांभळीनाक्याला पूजेच्या दुकानात नवी बघा ना.

घोडबंदरची_सून: नवी नकोय हो, देवीची आहे, परडीबरोबरची. हां, सांगायचं राहिलं: पिवळसर, बोराएवढ्या. आधी पितळी डब्यात असायची. दिवाळीत एमडीएफचं (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचं) देवघर केलं, काचेचं दार आहे, तेव्हापासून आत टांगलीय.

खाडीकाठचा: हे आधी सांगायचं ना! बुरशी नाही ती. नव्या एमडीएफ-प्लायमधून आम्लाची वाफ सुटते, बंद दारामागे कोंडते, त्यात आपली दमट हवा. ती चुना खाते, त्याचा क्षार वर येतो. संग्रहालयवाले 'बाईनचा रोग' म्हणतात, बाईनने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं म्हणून. रोग नावालाच, लागण वगैरे काही नसते. कवड्या दोऱ्यातून काढून साध्या पाण्यात दिवसभर ठेवा, पाणी बदलत राहा. सावलीत खडखडीत वाळवून परत पितळी डब्यात. गेलेली चकाकी मात्र येणार नाही. जिवंतपणी त्या प्राण्याच्या अंगाची घडी बाहेरून कवचावर चढते आणि थर देत राहते, तिचं काम होतं ते.

ऐरोलीची_मीना: खोबरेल तेलाचा हात फिरवला तर?

खाडीकाठचा: दिसायला छान, पण धूळ बसेल. भुकटी थांबणार नाही.

घोडबंदरची_सून: दोरा काढायचा?? सासूबाईंनी स्वतः ओवलीय. दोऱ्यासकट भिजवली तर?

खाडीकाठचा: आतून ओल राहील. फोन करून विचारा त्यांना.

घोडबंदरची_सून: केला. म्हणाल्या, काढ दोरा, मी येऊन ओवते. आणि त्या कपाटाला वास येतो, हे मी दिवाळीतच सांगितलं होतं.