मदत हवी आहे: सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून वाय-फाय ड्रायव्हर कसा चालवायचा?

जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी डेबियन १२ (लिनक्स) टाकलं आहे. वाय-फाय सोडून सगळं सुरळीत. एलएसपीसीआयमध्ये (हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा) कार्ड दिसतं, आयडी १४ई४:४३६५. बी४३ ड्रायव्हर या चिपला चालत नाही, त्यामुळे नॉन-फ्री रेपोतला डब्ल्यूएल ड्रायव्हर डीकेएमएसने (केर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार करणारं साधन) बसवला (इंटरनेट मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवरून). मॉड्यूल बिनतक्रार तयार होतं, पण मॉडप्रोबने ते चालू करायला गेलं की ‘की रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. म्हणजे मॉड्यूलची सही केर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मान्य नाही, एवढं कळलं.

मग मोकयूटिलने (सिक्युअर बूटला मान्य की नोंदवायचं साधन) डीकेएमएसची सहीची की इम्पोर्ट केली, पासवर्डही दिला. रीबूटनंतर की मंजूर करायची निळी स्क्रीन यायला हवी, ती येतच नाही. थेट ग्रब (बूट मेनू) उघडतं. मोकयूटिलच्या ‘लिस्ट-न्यू’मध्ये की अजून ताटकळत आहे. ईएफआय पार्टिशनवर एमएमएक्स६४ची (तीच निळी स्क्रीन दाखवणारी) फाइल जागेवर आहे.

सिक्युअर बूट बंद करा, हे कृपया सुचवू नका. विंडोजला बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) आहे, रिकव्हरी की हाताशी नाही आणि लॅपटॉप घरात सामायिक आहे. यूएसबी डोंगल हा शेवटचा उपाय.

ग्रबमधून एमएमएक्स६४ चेनलोड करून (म्हणजे तिथूनच सुरू करून) की नोंदवता येते का? बिटलॉकर त्यामुळे रिकव्हरी की मागत अडून बसेल का?