बी.कॉम. नंतर २९व्या वर्षी नर्सिंग... वेड लागलंय का मला?

हिशोबनीस
नमस्कार मंडळी. वय २९, बारावी कॉमर्स मग बी.कॉम., गेली सात वर्षं नाशिकला एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरतेय. मागच्या पावसाळ्यात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, अठरा दिवस हॉस्पिटलात होतो. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिथल्या सिस्टर दर दोन तासांनी येऊन त्यांची कूस बदलायच्या, मलाही शिकवलं, पाठीखाली हात कसा घालायचा, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी कशी ठेवायची. घरी आणलं तेव्हा बाबांची पाठ कोरी, एक लाल डाग नाही. खरं सांगू का, इतक्या वर्षांत एकही रिटर्न भरून मला एवढं बरं वाटलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात हेच. आई म्हणते लोकांचं हगणं-मुतणं काढायला शिकवलं का तुला, नवरा कर म्हणतो पण पगाराचं बघ असंही म्हणतो. बी.एस्सी. नर्सिंगला बायोलॉजी लागतं, मग माझ्यासारखीला दार आहे का? आणि ज्यांनी असं केलंय त्यांना पस्तावा होतो का, खरं खरं सांगा.

रात्रपाळी
दार आहे, जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. तीन वर्षं, कुठल्याही शाखेची बारावी चालते, ४० टक्के आणि इंग्रजीतही तेवढे लागतात, वय ३५ च्या आत. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. पण होते. मी बी.ए. इतिहास, २७व्या वर्षी गेले. वर्गात सगळ्या अठराच्या, मला ताई म्हणायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्याच नोट्स मागायच्या 😄 अ‍ॅनाटॉमीने पहिले सहा महिने रडवलं, ते रडवणारच.

हगण्या-मुतण्याचं म्हणशील तर त्याची आठवड्यात सवय होते, नातेवाइकांच्या बोलण्याची होत नाही. नाइटला ३० पेशंट, आम्ही दोघी, आणि कुणाचा तरी भाऊ येऊन सलाईन संपलं म्हणून अंगावर ओरडणार. पण सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना तिसऱ्या बेडवरच्या आजी, ज्यांनी चार दिवस डोळे उघडले नव्हते, त्यांनी चहा मागितला असं सांगायला मिळतं ना, त्यासाठी मी अजून आहे. पस्तावा पगाराच्या दिवशी होतो, बाकी नाही.

आणि तुझं अकाउंट्स वाया जाणार नाही गं. आयओ चार्ट म्हणजे जमाखर्चच, पोटात किती गेलं, लघवीवाटे किती आलं, आणि ताळा जमला नाही तर डॉक्टरांना फोन.

ब्रदर_सोलापूर
वरच्या ताईंचं सगळं मान्य पण वयाचं गणित आत्ताच करा ताई. एम्सची नॉर्सेट, म्हणजे तिथल्या नर्सभरतीची परीक्षा, द्यायची तर ओपनला ३० ची मर्यादा आहे, आणि जीएनएमवाल्यांना त्याआधी ५० बेडच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत ती गाडी गेलेली असेल. तिथली बेसिक ४४,९०० म्हणून सगळे त्याच्याच मागे असतात. राज्य सरकारच्या भरतीत मात्र ओपनला ३८, मागासवर्गीयांना ४३, तिथं तुम्हाला पाच-सहा वर्षं हातात मिळतात. तोवर प्रायव्हेट. मला पास झाल्यावर पहिला पगार १३ हजार होता, आधी कुरिअरच्या ऑफिसात १८ मिळत होता. घरी सांगायला लाज वाटायची. हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, नंतर भांडणं नकोत.

पुरुष असल्याचा त्रास वेगळा, तो पुन्हा कधी.

मिरची_कोल्हापूर
एकच सांगते. गल्लीबोळात एक वर्षाचं "नर्सिंग" शिकवणारे क्लास आहेत, त्यात पडू नकोस. माझ्या बहिणीने पैसे भरले, सर्टिफिकेट पण मिळालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला रजिस्ट्रेशन होईना, आता एका दवाखान्यात मावशींच्या जागेवर आहे. कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते आधी बघ आणि ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेणाऱ्यांपासून लांब राहा.

रात्रपाळी
+१. आणि प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची साइट बघत राहा, वेळापत्रक ऐनवेळी बदलतं.

हिशोबनीस
सगळ्यांचे खूप आभार, विशेष म्हणजे १३ हजारांचा आकडा स्पष्ट सांगितलात ते बरं झालं. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, तो कॅल्क्युलेटर घेऊन बसलाय, ३२व्या वर्षी पास झाले तर होमलोनचे हप्ते कसे काय. मी मात्र माळ्यावर चढून बारावीचं मार्कशीट काढलं. इंग्रजीत ४१ आहेत, हसू नका.