मदत हवी आहे: डोपिंगची नोटीस आली म्हणून फलकावरचा विक्रम पुसायचा का?

गोदाकाठ
नमस्कार. घाईत लिहितोय. आमच्या मंडळाची दरवर्षी १० किलोमीटरची शर्यत असते, सुरुवात आणि शेवट गोल्फ क्लब मैदानापाशी. मंडळाच्या हॉलमधला विक्रमांचा फलक नव्यानं रंगवायला काढलाय आणि पेंटर रविवारी नावं लिहून मोकळा होणार. मुलांच्या गटातला विक्रम ज्याचा आहे त्याला नाडाची (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) नोटीस आली आहे. अध्यक्ष म्हणतात, नाव लिहूच नका, मंडळाचं नाव खराब होईल. मला हे पटत नाही, पण ठामपणे सांगायला हातात काही नाही. दुसऱ्या नंबरच्या मुलाचे वडील रोज फोन करतात. नियम काय आहे?

सातपूरकर
नोटीस कसली? नमुन्यात काही सापडलं की नुसती चौकशी आहे? नमुना तुमच्याच शर्यतीत घेतला होता का? विक्रम कधीचा? बी नमुना, म्हणजे फेरतपासणीसाठी राखून ठेवलेला दुसरा भाग, उघडला का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तालीम_पंचवटी
पुसून टाका, विचार कसला करताय. मी तालमीत वाढलोय. पोरं जिममध्ये टर्मिनची (उत्तेजक औषध) इंजेक्शनं घेतात, बाथरूमच्या खिडकीत रिकाम्या बाटल्या मी स्वतः पाहिल्यात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची ७ विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली आणि ती दुसऱ्या कोणाला दिलीही नाहीत. तशी रिकामी ओळ ठेवा, म्हणजे पुढच्या पोरांना जरब बसेल.

वकील_कॉलेजरोड
भाऊ, आर्मस्ट्राँगवर पुराव्यानिशी निर्णय झाला होता. इथे फक्त नोटीस आहे. नोटीस आल्यावर खेळाडूला तात्पुरतं निलंबित करतात, मग शिस्तपालन समितीपुढे सुनावणी, त्यावर अपील. नरसिंग यादवचं आठवा. २०१६ मध्ये नाडाच्या समितीनं त्याला निर्दोष सोडलं आणि रिओत कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादानं ४ वर्षांची बंदी घातली. इतक्या टोकाचे दोन निकाल येऊ शकतात, म्हणून शेवटचा निर्णय येईपर्यंत थांबायचं.
नियम असा: ज्या स्पर्धेत नमुना घेतला तिथला निकाल जातो, आणि नमुन्याच्या तारखेपासून पुढचे निकाल साधारणपणे रद्द होतात. आधीचे आपोआप जात नाहीत.

सिंथेटिक_ट्रॅक
आधीचेही जातात. धावपटू बेन जॉन्सन सोल ऑलिंपिकमध्ये १९८८ ला पकडला गेला, पण १९८७ चा रोममधला १०० मीटरचा ९.८३ सेकंदांचा विक्रमसुद्धा पुढे रद्द झाला. टिम माँटगोमेरीचा ९.७८ तर एकही चाचणी पॉझिटिव्ह नसताना गेला.

वकील_कॉलेजरोड
जॉन्सननं चौकशी आयोगापुढे शपथेवर कबुली दिली होती. माँटगोमेरीच्या वेळी लवादापुढे साक्षी झाल्या. दोन्हीकडे त्या काळात औषध घेतल्याचा पुरावा होता. तुमचा मुद्दा मान्य, पण पुराव्याशिवाय मागे जाता येत नाही.

सिंथेटिक_ट्रॅक
मग पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉखचा ४०० मीटरचा ४७.६० अजून का उभा आहे? १९८५ चा विक्रम. पूर्व जर्मनीत सरकारच खेळाडूंना औषधं देत होतं, हे कागदोपत्री बाहेर आलं. २०१७ मध्ये युरोपीय ॲथलेटिक्स संघटनेनं २००५ पूर्वीचे विक्रम बाजूला काढायचा प्रस्ताव आणला, तर ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ भडकली, कारण तिचा २००३ चा मॅरेथॉनचा विक्रमही त्यात गेला असता. सरसकट पुसलं की ओल्याबरोबर सुकंही जळतं, हे मला तेव्हा पटलं. पण आज ४०० मीटर पळणाऱ्या मुलींनी कोणाशी बरोबरी करायची?

मीनल_इंदिरानगर
माझी मुलगी १५ वर्षांची आहे, जिल्हास्तरावर पळते. खोकल्याच्या औषधातही बंदी असलेलं काही असतं का? पृथ्वी शॉचं तसंच झालं होतं ना?

सातपूरकर
हो ताई, टर्ब्युटालिन. त्याला २०१९ मध्ये ८ महिन्यांची बंदी लागली. बाटलीवरचे घटक वाचा आणि डॉक्टरांना मुलगी स्पर्धेत उतरते हे आधीच सांगा. पण धागाकर्ते कुठे गेले?

चाकं_आणि_रस्ता
मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. तुमचा मार्ग मोजलेला आहे का? कॅलिब्रेट केलेल्या सायकलला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून मोजतात आणि १० किलोमीटरला १० मीटर जास्तीचे धरतात, म्हणजे अंतर कमी भरत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर मोजलं असेल तर विक्रम कोणाचाच नाही.

गोदाकाठ
ऑफिसमध्ये होतो. नमुना बालेवाडीला राज्य स्पर्धेत घेतला, पावसाळ्यानंतर. आमची शर्यत त्याच वर्षी जानेवारीत झाली. आमच्याकडे डोप चाचणी नसते. बी नमुना अजून उघडलेला नाही. मुलगा १७ वर्षांचा आहे, पेठकडच्या पाड्यावरचा. मार्गदर्शक शिक्षकांनी सांगितलेल्या दुकानातून पावडर आणायचा, एवढंच त्याला माहीत आहे.

वकील_कॉलेजरोड
हे आधी सांगायला हवं होतं, साहेब. विक्रम नमुन्याच्या आधीचा आहे. आज तो पुसायला कसलाही आधार नाही. आणि मुलगा अल्पवयीन आहे. अशा खेळाडूचं नाव दोषी ठरल्यावरही जाहीर करण्याची सक्ती नसते. तुम्ही कोरी जागा सोडलीत तर सगळं गाव विचारेल की इथे कोणाचं नाव होतं. नाडाही जे करत नाही ते तुमचं मंडळ करून बसेल.

तालीम_पंचवटी
आणि दुसऱ्या मुलाचं काय? त्याच्या घामाला किंमत नाही?

मीनल_इंदिरानगर
हे मात्र खरं आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेत आपल्याला रौप्य मिळालं. बहारीनची धावपटू डोपिंगमध्ये सापडल्यावर पुढे त्याचं सुवर्ण झालं, पण पोडियमवर उभं राहून राष्ट्रगीत ऐकायचं ते राहूनच गेलं. दुसऱ्या मुलाच्या घरी हेच सलत असणार. त्याच्या वडिलांना नुसतं 'बघू' म्हणू नका.

वकील_कॉलेजरोड
बरोबर. कार्यकारिणीत लेखी ठराव करा: शेवटच्या निर्णयात किंवा कबुलीत जानेवारीच्या शर्यतीचा काळ आला तर विक्रम जाईल आणि दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूची वेळ फलकावर लागेल. ठरावाची प्रत त्या वडिलांना द्या.

तालीम_पंचवटी
मला पटलेलं नाही. पण १७ वर्षांचा असेल तर आधी पावडर देणाऱ्याला धरा, हे मी सगळ्यात पुढे उभा राहून सांगेन.

सातपूरकर
पावडरचा डबा आणि बिल जपून ठेवायला सांगा त्याला. सुनावणीत लागेल. बॅच नंबरचा फोटोही काढून ठेवा.

गोदाकाठ
डबा घरीच आहे, उद्या मी स्वतः जाऊन पाहतो. अध्यक्षांना वकीलसाहेबांचा मुद्दा वाचून दाखवला, ते ठरावाला तयार आहेत. फलकावर प्रत्येक विक्रमाची वेगळी पट्टी करून स्क्रूनं बसवायची असं पेंटरशी ठरलंय, म्हणजे बदल करायचा झाला तर खाडाखोड नको. त्या मुलाची पट्टी नाव, वेळ आणि वर्षासह लागणार. मार्ग मोजणीबद्दल वेगळा धागा काढतो. नाशिकमध्ये जोन्स काउंटर कोणाकडे असेल तर तिथे सांगा.