मदत हवी आहे: जर्मन ग्राहकाशी इंग्रजीत बोलतो, तरी घोळ होतो

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग बनवायचं) युनिट आहे. जर्मनीला बुश (नळीसारखे सुटे भाग) पाठवतो. इंग्रजी दोन्हीकडे कामापुरतं येतं. पण कॉलवर आमचे सुपरवायझर "यस, यस" म्हणतात आणि तिकडे तारीख पक्की धरली जाते. आता मेल आलाय, "डिलिव्हरी केडब्ल्यू १५, २०२६". हे किलोवॅट कसले? दुभाषी परवडणार नाही. काय करावं?

सातपूरकर:
किलोवॅट नाही, कॅलेंडरचा १५ वा आठवडा. तिकडे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. म्हणजे तुमचा ६ ते १२ एप्रिल. त्यातही ६ तारखेला ईस्टरच्या सोमवारची सुट्टी आहे. आजच विचारून घ्या: त्या आठवड्यात माल तुमच्या गेटमधून निघायचा, की त्यांच्याकडे पोचायचा? न्हावा शेवाहून बोटीने जाणार असेल तर या एका प्रश्नात कित्येक आठवड्यांचा फरक आहे.

आकडेही सांभाळा. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश: ०,०५ म्हणजे ०.०५ मिमी. उलट १.२५० नग म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. ऑर्डर एक्सेलमध्ये चढवताना नेमकं इथेच चुकतं.

गंगापूर_रोड:
"यस"चा घोळ मोठा आहे, त्यावर आधी काम करा. आपल्याकडे "हो हो" म्हणजे "ऐकतोय, पुढे बोला". समोरच्याला तो होकार वाटतो. "ट्राय करतो", "होऊन जाईल" हे तर कॉलवर बोलूच नका. सुपरवायझरला तीनच उत्तरं द्या: "होईल, अमुक तारखेला"; "होणार नाही, कारण अमुक"; "माहीत नाही, उद्या १२ पर्यंत कळवतो". "नाही" म्हटल्याने ग्राहक तुटत नाही. शेवटच्या दिवशी कळलेला उशीर मात्र त्याच्या असेंब्ली लाइनला भोवतो.

धागाकर्ता:
मराठीत बोलायची मुभा दिली तर ते नीट सांगतात. इंग्रजीतच अडखळतात.

गंगापूर_रोड:
मग तसंच करा. मध्ये अर्धा मिनिट म्यूट मागून घ्या, मराठीत ठरवा, एकानेच उत्तर द्या. कॉल संपल्यावर तासाभरात चार ओळींचा मेल: पार्ट नंबर व रिव्हिजन (ड्रॉइंगची कितवी आवृत्ती), नग, तारीख, जबाबदार माणूस. खाली लिहा, "चूक असेल तर कळवा." महिना अक्षरात लिहा.

सातपूरकर:
वेळही २४ तासांच्या घड्याळात, दोन्हीकडची. जर्मन माणूस "हाफ थ्री" म्हणाला तर बहुधा त्याला अडीच म्हणायचं असतं, आपण साडेतीन ऐकतो. शिवाय २९ मार्चला त्यांचं घड्याळ तासभर पुढे जाईल. साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येईल. त्यांचा ११ चा कॉल तुमच्याकडे १५:३० ऐवजी १४:३० ला.