लिलीपॉन्डमध्ये चार आवाजांची मराठी भक्तिगीते मांडताना येणाऱ्या अडचणी : सल्ला हवा आहे

वसईकर टेनॉर

नमस्कार. वसईतील एका चर्चच्या गायनवृंदासाठी मी चार आवाजांची मराठी भक्तिगीते स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलेखनात, मांडत आहे. आजवर ही गाणी आमच्याकडे हस्तलिखित कागदांवर होती. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यामुळे ते कागद इतके पुसट झाले आहेत की, स्वर तिसऱ्या रेषेवर आहे की तिच्या वरच्या घरात, हे नव्याने आलेल्या मुलांना ओळखता येत नाही. सुमारे चाळीस गाणी आहेत आणि ती सर्व एकाच ठेवणीत छापायची आहेत. म्हणून मी टंकलेल्या मजकुरातून नोटेशन तयार करणाऱ्या लिलीपॉन्ड या प्रोग्रॅमची २.२४ ही आवृत्ती आणि तो मजकूर टंकण्यासाठी फ्रेस्कोबाल्डी हा संपादक-प्रोग्रॅम निवडला. पहिले गाणे मांडतानाच चार अडचणी आल्या.

पहिली अशी की, गाणे डी मेजरमध्ये आहे आणि तशी सूचना मी सुरुवातीला दिली आहे, तरीही प्रत्येक एफ आणि सी या स्वरांआधी नॅचरलचे, म्हणजे शार्प रद्द करणारे, चिन्ह उमटते. दुसरी अशी की, आल्टोची, म्हणजे स्त्रियांच्या खालच्या आवाजाची, ओळ बाराव्या बारपर्यंत (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधील मात्रांचा गट) नीट चालते आणि तेथून अचानक एक सप्तक खाली जाऊन शेवटपर्यंत खालीच राहते. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त छळते आहे. सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) आणि आल्टो एकाच स्टाफवर दाखवण्यासाठी मी दोन उलट्या तिरक्या रेघांची खूण वापरली आहे, पण ती जेथे सुरू होते तेथे खालचे शब्द थांबतात आणि दोन आवाजांचा तो भाग संपल्यावरच पुन्हा सुरू होतात. चौथी अडचण देवनागरीची आहे. शब्दांच्या वेलांट्या वरच्या स्वरांना चिकटतात, आणि तोडलेल्या अक्षरांमधील जोडरेघ कधी दिसते तर कधी दिसत नाही.

मजकुरातून मांडणी करण्याची पद्धत सोडून मी माऊसने स्वर मांडता येणाऱ्या म्युझस्कोअर या प्रोग्रॅमकडे वळावे का, हेही कृपया सांगावे.

स्वररेषा

आपल्या पहिल्या तीन अडचणींचे मूळ एकच आहे, म्हणून त्यांचे उत्तर एकत्र देतो. लिलीपॉन्डला कागदावर काय दिसावे हे सांगायचे नसते. कोणता स्वर वाजतो आणि तो कोणाचा आहे, हे सांगायचे असते. आज्ञा रोमन अक्षरांत टंकायच्या असतात. येथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देतो.

डी मेजरची सूचना दिल्यावर फक्त ओळीच्या आरंभी दोन शार्प उमटतात. त्यानंतर आपण नुसता एफ लिहिला की लिलीपॉन्ड तो शुद्ध एफ समजते आणि इमानदारीने नॅचरल दाखवते. आपल्याला एफ शार्प हवा असेल तर दर वेळी ‘फिस’ आणि सी शार्प हवा असेल तर ‘सिस’ असेच लिहावे लागेल; चिन्ह दाखवायचे की नाही, हे ते स्वतः ठरवते. ही नावे डच पद्धतीची आहेत, कारण हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतकारांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केले. नावे परकी वाटत असतील तर फाइलच्या वरच्या भागात ‘लँग्वेज’ ही आज्ञा देऊन इंग्रजी पद्धत घेता येते. तथापि बहुतेक जुने नमुने डच नावांत असल्यामुळे मी तीच शिकून घेतली आणि दोन आठवड्यांत हाताला सवय झाली.

सप्तकाची चूक ‘रिलेटिव्ह’ पद्धतीमुळे होते. तिच्यात पुढचा स्वर मागच्या स्वराच्या जवळात जवळ असेल तेथे, म्हणजे वर किंवा खाली चौथ्या स्वरापर्यंत, शोधला जातो. आता सी म्हणजे आपला सा धरा आणि त्यानंतर जी, म्हणजे पंचम, लिहा. सा धरून मोजले तर वरचा पंचम पाच स्वरांवर आणि खालचा चार स्वरांवर असल्यामुळे लिलीपॉन्ड खालचा निवडते. ज्यांचा कान सा-प या उडीवर तयार झालेला आहे, त्यांची येथे हमखास फसगत होते, कारण आपल्याला तो पंचम अगदी जवळचा वाटतो. वरचा पंचम हवा असल्यास स्वराच्या नावानंतर लगेच एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. आपल्या बाराव्या बारमध्ये अशीच एक पाच स्वरांची चढती उडी असणार आणि तिच्यावरील एक चिन्ह राहून गेले असणार. एका ठिकाणी चुकले की पुढचे सगळे त्या चुकीच्या जागेपासून मोजले जाते, म्हणून ओळ शेवटपर्यंत खालीच राहिली.

चार आवाजांच्या कामात मी रिलेटिव्ह सोडून ‘फिक्स्ड’ वापरतो. तिच्यात प्रत्येक स्वराचे सप्तक ठरलेल्या एकाच स्वरावरून मोजले जाते, त्यामुळे एक चूक एका स्वरापुरतीच राहते. शिवाय प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ टंकत जा. मात्रा कमीजास्त झाल्या तर लिलीपॉन्ड नेमक्या त्या ओळीचा क्रमांक देऊन इशारा देते. तसेच स्कोअरच्या भागात ‘लेआउट’बरोबर ‘मिडी’ही, म्हणजे गाणे ऐकवणारी फाइल तयार करणारी आज्ञा, ठेवा. सप्तकाची चूक डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते.

आता शब्दांचे पाहू. आपण वापरलेली दोन तिरक्या रेघांची खूण त्या जागी दोन नवे, तात्पुरते आवाज निर्माण करते. शब्द मात्र आधीच्या आवाजाला बांधलेले असतात. तो आवाज गप्प झाल्यामुळे शब्दही थांबतात. वाद्यसंगीतासाठी ती खूण सोयीची आहे, पण गायनासाठी मी ती कधीच वापरत नाही. त्याऐवजी एकाच स्टाफमध्ये ‘सोप्रानो’ आणि ‘आल्टो’ अशी स्वतंत्र नावे देऊन दोन ‘व्हॉइस’ सुरू करा. पहिल्याला ‘व्हॉइसवन’ आणि दुसऱ्याला ‘व्हॉइसटू’ ही आज्ञा द्या, म्हणजे काड्या अनुक्रमे वर आणि खाली वळतील, आणि शब्द ‘लिरिक्सटू’ने ‘सोप्रानो’ या नावाला बांधा. ही नावे पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत चालू ठेवा. दोघे एकच स्वर गात असतील तेथेही दोघांचे स्वर लिहा.

म्युझस्कोअर उत्तम आहे आणि ज्यांना माऊसने, समोर पाहत काम करायला आवडते त्यांना मी तेच सुचवतो. परंतु आपली चाळीस गाणी एकाच ठेवणीची आहेत. स्टाफचा आकार, समास, फॉन्ट आणि अंतरे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ती प्रत्येक गाण्यात ‘इन्क्लूड’ केली, तर उद्या अक्षरे मोठी करायची ठरल्यास एकाच ठिकाणी बदल करावा लागेल. म्हणून सोडू नका.

अक्षरजुळणी

चौथ्या अडचणीबद्दल मी लिहिते. मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि गेली काही वर्षे बालगीतांचे नोटेशनही लिलीपॉन्डमध्ये करते.

शब्द युनिकोडमध्येच असावेत. जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर उचलून चिकटवला तर कागदावर निरर्थक चिन्हे येतात. तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. फॉन्टचे नाव ‘लिरिकटेक्स्ट’ला स्पष्ट सांगा, नाहीतर प्रत्येक संगणक आपल्याकडचा कोणताही देवनागरी फॉन्ट घेतो आणि ओळी वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात. मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता वापरते, कारण लहान आकारातही त्याची जोडाक्षरे स्वच्छ वाचता येतात.

वेलांटी, मात्रा आणि रफार वर चढतात, उकार खाली उतरतात. रोमन अक्षरे गृहीत धरून ठेवलेले अंतर त्यांना पुरत नाही. शब्दांच्या वरच्या स्टाफपासूनचे अंतर ‘नॉनस्टाफ-रिलेटेडस्टाफ-स्पेसिंग’मधील ‘पॅडिंग’ने वाढते आणि खालच्या स्टाफपासूनचे ‘नॉनस्टाफ-अनरिलेटेडस्टाफ-स्पेसिंग’मधील ‘पॅडिंग’ने. दोन्ही थोडी थोडी वाढवून पाहा. जोडरेघ नाहीशी होते, कारण दोन अक्षरांत जागा कमी पडली की लिलीपॉन्ड ती गाळते. ‘लिरिकहायफन’चे ‘मिनिमम-डिस्टन्स’ १ ठेवले की ती कायम दिसेल. टंकताना दोन लहान रेघा द्यायच्या असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची असते, हेही तपासा.

मात्र खरा विचार करावा लागतो तो शब्द कोठे तोडायचा याचा. ‘देव’ हा शब्द एका स्वरावर गायला तर तो अखंड लिहावा, पण चालीत ‘व’ला स्वतःचा स्वर असेल तर ‘दे’ आणि ‘व’ वेगळे करावे लागतात. नुसता शब्द पाहून हे कळत नाही, चाल गाऊनच पाहावी लागते. ‘भक्ती’ गाताना आपण भक्-ती असे म्हणतो, पण तसे छापले तर पाय मोडलेला ‘क’ एकटा पडतो आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. मी ‘भ’ आणि ‘क्ती’ असेच तोडते. गाणारा शब्द ओळखतो आणि ‘क्’ आपोआप आधीच्या स्वरावर घेतो. जाणकारांचे यावर दुसरे मत असू शकते, पण जो नियम धराल तो चाळीसही गाण्यांत एकच ठेवा.

वसईकर टेनॉर

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाराव्या बारमध्ये डीवरून ए या स्वराकडे जाणारी चढती उडी होती आणि तिच्यावरील चिन्ह खरोखरच राहिले होते. आवाजांना नावे दिल्यावर शब्द पहिल्या बारपासून शेवटपर्यंत सलग आले. चाळीस गाण्यांचे शब्द तोडण्याआधी आमच्या ज्येष्ठ सोप्रानो बाईंना प्रत्येक चाल गाऊन दाखवण्याची विनंती केली आहे. एक शंका उरली आहे. दुसऱ्या कडव्यात एका स्वराच्या जागी दोन अक्षरे येतात. त्यासाठी वेगळा स्वर लिहावा लागेल का?

स्वररेषा

स्वर बदलू नका. ती दोन अक्षरे मध्ये जागा न सोडता लाटेच्या चिन्हाने जोडून टंका. लिलीपॉन्ड ती दोन्ही एकाच स्वराखाली ठेवते आणि त्यांना जोडणारी लहान कमान खाली काढते. मात्र तो स्वर लांब असेल आणि गाणारे त्याचे प्रत्यक्षात दोन तुकडे करत असतील, तर दुसऱ्या कडव्यासाठी लहान आकारातले स्वर वेगळे दाखवणेच योग्य ठरेल. त्या बारचा एक छोटा, स्वतंत्र नमुना करून येथे द्या, म्हणजे नेमके सांगता येईल.