'ड्राय' वाइनला 'कोरडी' म्हणावं का?

शब्दवेल
लहान, कौटुंबिक वाइनरींची वाइन निवडताना नाव सहसा ओळखीचं नसतं. आधार असतो तो लेबलवरच्या मजकुराचा आणि चाखणीच्या टिपांचा. या टिपा मराठीत आणताना एक घोटाळा वारंवार दिसतो. गोडवा नसलेली वाइन 'कोरडी', हिरड्या आवळणारी वाइनही 'कोरडी', आणि घोट गिळल्यावर तोंड सुकलं तर 'शेवट कोरडा'. तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द. 'ड्राय'साठी 'कोरडी' ठेवावा की दुसरा शब्द शोधावा? आणि बाकीच्या दोन गोष्टींना काय म्हणावं?

मृद्वीका
आधी 'ड्राय'चा नेमका अर्थ. त्याचा तोंड सुकण्याशी काही संबंध नाही. आंबताना यीस्टने साखर जवळजवळ संपवली, एवढंच तो सांगतो. युरोपीय संघाच्या नियमात बुडबुडे नसलेल्या वाइनमध्ये लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ती ड्राय. आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. अट अशी की साखरेचा आकडा आम्लतेच्या आकड्यापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त पुढे असू नये. म्हणजे 8 ग्रॅम साखर आणि 6.5 ग्रॅम आम्ल असलेली वाइन कायद्याने ड्रायच. आंबटपणा साखरेला झाकतो, म्हणून ही सवलत.

बुडबुड्यांच्या वाइनमध्ये हाच शब्द फसवतो. तिथे 'ब्रूट' म्हणजे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर आणि 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे 12 ते 17 ग्रॅम. 'एक्स्ट्रा ड्राय' ही ब्रूटपेक्षा गोड असते. तिचं भाषांतर 'अतिकोरडी' केलं तर वाचणारा नेमकी उलटी बाटली उचलेल.

कषाय
दुसऱ्या गोष्टीला आपल्याकडे आधीपासून उत्तम शब्द आहे, तुरट. द्राक्षांच्या साली-बियांतून येणारं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ-टाळू एकमेकांवर घासू लागतात. ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे. षड्रसांत 'कषाय' हा रस म्हणून मोजला आहे खरा, पण तोंडात काय होतं ते पाहिलं तर तुरटपणाची जागा खरखरीत आणि मऊ यांच्या पंगतीत आहे.

जाता जाता: संस्कृतातला 'कटु' म्हणजे मिरीसारखा तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठी 'कडू' हा 'कटु'वरूनच आला, पण अर्थ बदलून. टिपांमध्ये भारदस्तपणासाठी 'कटु' लिहिण्यात त्यामुळे अर्थ नाही. कडू असेल तर कडूच लिहावं.

निवळ
तुरट, कडू आणि आंबट हे तिघं सर्वांत जास्त गल्लत करायला लावतात. शब्द पक्के करायचे तर वाइनआधी चहावर सराव करावा. एकाच काळ्या चहाचे दोन पेले करायचे, सारखी पत्ती, सारखं उकळतं पाणी. एक 1 मिनिटाने गाळायचा, दुसरा 10 मिनिटांनी. दुसऱ्यात हिरड्या आणि वरचा ओठ यांच्यामध्ये जे खेचल्यासारखं वाटतं ते तुरट. जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतं ते कडू. मग दुसऱ्या पेल्यात चमचाभर दूध घाला. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं आणि तुरटपणा बराचसा उतरतो. आंबटाची खूण याच्या उलट आहे. गालांच्या आतून लाळ सुटते. तोंड ओलं झालं तर आम्ल, सुकलं तर टॅनिन.

गोडाचीही एक चाचणी आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्या. पिकलेल्या फळाच्या वासामुळे बिनसाखरेची वाइनसुद्धा गोड भासते. नाक बंद केल्यावर गोडवा गेला तर तो फळाचा वास होता, राहिला तर साखर आहे. अंदाज बसवायला 100 मिलीलिटर ड्राय वाइनमध्ये अर्धा ग्रॅम साखर विरघळवा, लिटरला 5 ग्रॅमची भर पडते. दुसऱ्या पेल्यात 1 ग्रॅम घाला. शेजारी मूळ वाइन ठेवून तिन्ही चाखा.

शब्दवेल
मग 'ड्राय'ला 'बिनगोड' म्हणू या का? 'अगोड' हा पर्याय आहे, पण कानाला बेचव वाटतो.

कोशपान
माझं मत वेगळं. 'कोरडी' रूढ होत चाललाय आणि रूढ शब्द उखडणं सोपं नसतं. शिवाय इंग्रजीतही हाच घोळ आहे, तिथे लोक शिकलेच ना? मराठी वाचकही शिकेल.

मृद्वीका
शिकेल, पण कशासाठी शिकवायचं? इंग्रजीला तो शब्द वारशाने मिळाला. आपण आज निवडतोय, तर चुकीचा का निवडायचा? मुख्य अडचण लाल वाइनमध्ये आहे. तिथे बहुतेक वाइन बिनगोड असतातच, म्हणून 'कोरडी लाल वाइन' वाचणारा त्यातून तुरटपणाचाच अर्थ काढतो, आणि मऊ टॅनिनची चांगली वाइन बाजूला ठेवतो. माझं मत 'बिनगोड'ला. आकडा मिळत असेल तर सोबत आकडा. लहान वाइनरी विचारल्यावर साखर, आम्लता आणि सामू असलेला तांत्रिक तपशील बहुधा देतात. तो मागावा.

कषाय
तिसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे गिळल्यावर उरणाऱ्या सुकेपणासाठी, 'तुरट शेवट' पुरेसा नाही. तुरटाचे पोत सांगायला हवेत, आणि इथे मराठी श्रीमंत आहे. भरड, रवाळ, खरखरीत, बारीक, तलम, मऊसर. भरड टॅनिन जिभेवर दळल्यासारखं जाणवतं. न पिकलेल्या बिया किंवा देठ फार चिरडले गेले की हे होतं. तलम टॅनिन असतं भरपूर, पण कापडासारखं पसरतं. 'टॅनिन जास्त' आणि 'टॅनिन भरड' यांत फरक करणारी टीप मला दहा विशेषणांच्या टिपेपेक्षा मोलाची वाटते. जास्त पण तलम असेल तर बाटली ठेवून देता येते. कमी पण भरड असेल तर ठेवून काही साधत नाही.

एक सावधगिरी. टॅनिन घोटागणिक साठत जातं. चौथी वाइन पहिलीपेक्षा तुरट लागते ती बरेचदा पहिल्या तीनमुळे. मध्ये पाणी, साधा पाव आणि मिनिट-दोन मिनिटांचा अवकाश हवा. वाइन फार थंड असेल तरी टॅनिन टोकदार होतं. भरदार लाल वाइन 15 ते 18 अंश सेल्सिअसला चाखावी.

ओघळ
'भरदार' लिहिलंत म्हणून विचारते, 'बॉडी'साठी तोच शब्द का? 'दाट' वापरला तर पाकासारखा दाटपणा डोळ्यांपुढे येतो.

निवळ
भरदार चालेल. 'अंग' हा शब्दशः अनुवाद मात्र नको. तोंडात जाणवणारं वजन अल्कोहोल, साखर आणि विरघळलेली इतर द्रव्यं मिळून येतं. हलकी, मध्यम, भरदार अशी उतरंड पुरेशी आहे. पेल्याच्या काचेवरून उतरणाऱ्या धारांना इंग्रजीत पाय किंवा अश्रू म्हणतात, आपला 'ओघळ' त्याहून नेमका आहे. पण ओघळांवरून दर्जा ठरवू नये. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर खेचला जातो आणि थेंब होऊन खाली येतो. ओघळ जाड म्हणजे साधारण अल्कोहोल जास्त. बस्स.

गंधवार्ता
आता नाकाकडे. मराठीत 'वास येतो' म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात. म्हणून तटस्थ अर्थाने 'गंध', दोषासाठी 'वास' अशी विभागणी सुचवतो. 'परिमळ', 'दरवळ' हे टिपेत टाळावेत. छान आहे, एवढंच ते सांगतात, कशाचा ते सांगत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अॅन नोबल यांनी 1984 साली वाइनच्या गंधांच्या शब्दांचं गंधचक्र मांडलं ते याच विचाराने. शब्द असा हवा की त्याचा नमुना पेल्यात ठेवून दाखवता येईल. लिंबाची साल ठेवता येते, 'डौलदार' ठेवता येत नाही.

दोषांचे शब्द तर अगदी काटेकोर हवेत, कारण त्यावर बाटली परत करायची की थोडं थांबायचं हे ठरतं. लहान वाइनरींत वाइन टिकवणारा गंधक डायऑक्साइड कमी वापरण्याकडे कल असतो, तेव्हा हे ओळखता यायलाच हवं.

बुरसट: ओला पुठ्ठा, दमट तळघर. बहुतेकदा बुचातल्या ट्रायक्लोरोअॅनिसोलमुळे, लिटरला काही नॅनोग्रॅम पुरतात. प्रमाण कमी असेल तर बुरसट वास येतही नाही, फळाचा गंध मात्र पुसला जातो. म्हणून 'वाइन मुकी वाटते' तेव्हा दुसरी बाटली उघडून शेजारी ठेवावी.

कोंडलेला: विझलेली काडी, सडकं अंडं. हवेअभावी तयार झालेली गंधक-संयुगं. पेला फिरवून 10 मिनिटं थांबा. हा वास बऱ्याचदा उडतो, बुरसट मात्र उलट ठळक होतो. दोघांना वेगळं करायची हीच सोपी युक्ती.

शिळा: कापून ठेवलेल्या सफरचंदाचा गंध, रंग तपकिरीकडे. हवा लागली.

झोंबरा: व्हिनेगर किंवा नेलपॉलिश. अॅसेटिक आम्ल आणि इथाइल अॅसिटेट.

खोगिरी: तबेला, घामट चामडं. ब्रेटानोमायसीस यीस्ट. यावर जाणकारांतही मतभेद असतात, किंचित असला तर काहींना आवडतो. माझ्या मते फळ झाकलं गेलं की तो दोषच.

आणि एक फसवा दोष, उंदरी वास. तो नाकाला कळतच नाही, कारण वाइनच्या आम्लात त्याची संयुगं उडत नाहीत. गिळल्यावर लाळेने आम्लता उतरते आणि 10 ते 30 सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर येते. गंधक न घातलेल्या वाइनमध्ये पहिल्या घोटावर निर्णय देऊ नये तो यासाठी.

कोशपान
बुरसट वाइनला 'बूच लागलेली' म्हणता येईल, 'धूर लागलेलं दूध' म्हणतो तसं. 'बूच' हा पोर्तुगीज 'बुशा'वरून आलेला आणि 'पीप' हा 'पिपा'वरून, म्हणजे वाइनच्या दोन मुख्य वस्तूंची नावं मराठीत केव्हाच रुळलेली आहेत. 'कॉर्क' आणि 'बॅरल' लिहायची गरज नाही.

मृद्वीका
'बूच लागलेली' फार चांगला. फक्त दोष बुचाखेरीज पिंपातून किंवा तळघरातूनही येऊ शकतो, म्हणून वर्णनात 'बुरसट' आणि कारण पक्कं असेल तेव्हाच 'बूच लागलेली'.

शब्दवेल
आता लेबलवरचे शब्द. 'आर्टिझन', 'बुटीक', 'जुन्या वेली' यांना मराठीत काय म्हणावं?

निवळ
काहीही म्हणा, त्यांना सर्वसाधारण कायदेशीर व्याख्याच नाही. फ्रेंच लेबलवर 'जुन्या वेली' लिहायला वेलीचं किमान वय ठरलेलं नाही. अमेरिकेतल्या 'रिझर्व्ह'लाही अर्थ नाही, पण स्पेनमधल्या रियोहातल्या लाल 'रेसेर्वा'ला आहे: एकूण 3 वर्षं मुरवण, त्यातलं किमान 1 वर्ष ओकच्या पिपात. शब्द सारखे दिसले तरी एकाच मराठी शब्दाने दोन्ही उतरवू नयेत.

वाचण्यासारखे शब्द वेगळे. अमेरिकेत 'एस्टेट बॉटल्ड' म्हणजे सगळी द्राक्षं वाइनरीच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीची आणि चिरडण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळं तिथेच. याला 'मळ्यातच भरलेली' म्हणावं. 'सेलर्ड अँड बॉटल्ड बाय' मात्र वाइन दुसरीकडून घेऊन भरली तरी लिहिता येतं. शांपेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत 'आरएम' असेल तर स्वतःची द्राक्षं पिकवून वाइन करणारा, 'एनएम' असेल तर द्राक्षं विकत घेऊ शकणारा व्यापारी. जर्मनीत 'गुट्सआबफ्युलुंग' म्हणजे मळेवाल्याची, 'एर्त्सॉयगरआबफ्युलुंग' सहकारी संस्थेचीही असू शकते. कौटुंबिक वाइनरी शोधताना पुढच्या बाजूच्या चित्रापेक्षा ही ओळ वाचावी.

कोशपान
'मळ्यातच भरलेली' आवडला. जागेवरून वाइन ओळखणं नवं नाहीच. कौटिल्याने द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि प्रदेशावरून त्याची नावं दिलीत, कापिशायन आणि हारहूरक.

ओघळ
'विंटेज'चं काय? सगळे 'जुनी' या अर्थाने वापरतात.

कषाय
तो द्राक्षं काढल्याचं साल सांगतो, वय चांगलं की वाईट ते नाही. 'सुगीचं साल' म्हणावं. वयासाठी आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे, मुरणे. कच्ची, मुरलेली, उतरलेली या तीन अवस्था कोणालाही समजावून सांगाव्या लागणार नाहीत. मुरलेल्या वाइनमध्ये फळ मागे जाऊन सुका मेवा, चामडं, पालापाचोळा असे गंध येतात, पण आंबटपणा ताठ राहतो. उतरलेलीत फळही नसतं आणि मागे काही उरतही नाही.

तळाच्या गाळाला 'साका' म्हणावं आणि डिकँट करण्याला 'निवळ काढणे'. बाटली किमान 24 तास उभी ठेवायची, मानेखाली दिवा धरून एका संथ धारेत ओतायचं आणि साका खांद्याशी आला की थांबायचं. तळाचे 30 ते 50 मिलीलिटर सोडून द्यायचे. बुचाला चिकटलेले चमकदार खडे काच नसून टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. वाइन गोठणबिंदूजवळ थंड करून ते आधीच काढता येतात, अनेक लहान वाइनरी ही पायरी मुद्दाम टाळतात. तो दोष नाही.

शब्दवेल
जमलेल्या शब्दांत एक नमुना टीप लिहून पाहते:

'लाल, मध्यम भरदार, कोरडी. गंध आलुबुखार आणि मिरीचा, पेला फिरवण्याआधी किंचित कोंडलेला. आंबटपणा ठसठशीत. टॅनिन भरपूर पण तलम. चव 8-9 सेकंद रेंगाळते, शेवटी थोडी कडू. तळाशी साका. अजून कच्ची, तीन-चार वर्षं मुरू द्यावी.'

मृद्वीका
चौथा शब्द बदला.